धूळपाटीपासून काळ्या पाण्यापर्यंत

खासदारांच्या सहीने जाणाऱ्या पत्रांना एके काळी ब्रिटनमध्ये टपालखर्च माफ असे. आयर्लंडच्या मीथ परगण्यात जन्मलेल्या लॉरेन्स हाइन्स हॅलोरन या गृहस्थाने एका पत्रावर अशी खोटी सही केली आणि सरकारचे दहा पेन्स बुडवले. या गुन्ह्याबद्दल १८१८ साली त्याला सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी तो सिडनीला पोहोचला आणि थोड्याच काळात गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी याच्या मेहेरबानीने शाळा चालवू लागला. १८२५ साली त्याने लोकवर्गणीतून तिथे एक मोठी शाळाही उभी केली. ती फार टिकली नाही, पण १८३१ साली तो मरण पावला तेव्हा वसाहतीत त्याची ओळख ‘कैदी’ इतकीच उरली होती, असे कोणी म्हणू शकले नसते. असा जीवनक्रम वाचला की वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथा आपल्या ओठांवर येते. ती कथा इथे लागू पडत नाही, असे मला वाटते. कैद्याचा मास्तर होतो तेव्हा पालटते ती त्याची गरज असणाऱ्यांची नड. त्याचे शील पालटलेच पाहिजे, असे नाही. हे समजून घ्यायला सिडनीपेक्षा चेन्नई अधिक उपयोगी आहे.

सिडनीची वसाहत १७८८ साली वसली ती कैद्यांच्याच बळावर. तिथे मुले जन्मली, पण त्यांना शिकवायला कोण? तिथली पहिली शिक्षिका मानली जाणारी इझाबेला रॉसन ही कैदीच होती आणि तिची शाळा १७८९ सालची. म्हणजे हॅलोरनच्या आधी तीस वर्षे ही वाट मळलेली होती. मॅक्वारीने ती रुंद केली. तरुणपणी मुंबईत लष्करी नोकरी केलेला हा गव्हर्नर शिक्षा भोगून सुटलेल्यांना समाजात मानाने वागवू पाहत होता. लंडनला ते रुचले नाही. १८१९ साली चौकशीसाठी आलेल्या जॉन थॉमस बिग याने या धोरणावर कडक टीका केली. गुन्हेगाराला उजळ माथ्याने वावरू दिले तर शिक्षेची जरब काय राहील, असा त्यामागचा विचार होता. तो अगदीच पोकळ नव्हता. पण वर्गात उभा राहणारा दुसरा माणूस कुठून आणायचा, याचे सोपे उत्तर कोणापाशीच नव्हते.

ज्या १७८९ साली रॉसनबाई सिडनीत मुलांना अक्षरे गिरवायला लावत होत्या, त्याच वर्षी मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, एग्मोरमध्ये दुसरी एक अडचण सोडवली जात होती. आज जिथे एग्मोरचे रेल्वे स्थानक आहे, त्या परिसरातल्या जुन्या गढीत ईस्ट इंडिया कंपनीच्या सैनिकांच्या मुलांसाठी अनाथाश्रम उघडला गेला. त्याचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याला हाताखालचे शिक्षक बेताचे आणि नव्याला नकार देणारे मिळाले होते. एकदा त्याने स्थानिक शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली. तमिळ मुलखातली ही तिन्नैपळ्ळी, म्हणजे घराच्या ओट्यावर भरणारी शाळा. आपल्याकडच्या पंतोजींची धूळपाटी ज्याने ऐकून तरी माहीत करून घेतली आहे, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. बेलने तीच रीत आश्रमात आणायची ठरवली. शिक्षक कुरकुरू लागले, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर अक्षरओळखीचा वर्ग सोपवला. मुलाने तो नीट चालवला. मग वरची मुले खालच्यांना शिकवू लागली आणि बेलने १७९७ साली लंडनमध्ये आपला प्रयोग छापून प्रसिद्ध केला. पुढे जगभर ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून ओळखली गेली.

या पद्धतीचे महत्त्व वाळूत नाही, तिच्या एका धाडसात आहे. तोवर शिकवण्याचा हक्क वय, पदवी, धर्मसत्तेची संमती, घराण्याचा लौकिक अशा गोष्टींशी बांधलेला होता. एग्मोरमध्ये तो केवळ ‘हे याला येते का?’ एवढ्या एका प्रश्नावर आला. हे मान्य केल्यावर आठ वर्षांचा पोर शिकवू शकतो आणि मग शिक्षा झालेला माणूसही शिकवू शकतो. १८२० साली थॉमस रेडाल हा पाद्री ही पद्धत सुरू करण्यासाठी न्यू साउथ वेल्समध्ये दाखल झाला. तोवर तिथे कैदी मास्तर नुसते अडचणीपोटी होते. आता त्यांच्या शेजारी, अल्प खर्चात अनेकांना शिकवता येते, हा विचारही मद्रासहून येऊन उभा राहिला.

यावर आक्षेप निघेल की ही गोष्ट शिक्षणाच्या उदारतेची नसून काटकसरीची आहे. पगारी शिक्षक वाचवण्यासाठी पोरांकडून काम करून घेतले, एवढेच. हा आक्षेप अर्धा खरा आहे. शिवाय बेलने ज्यांच्याकडून रीत उचलली, त्यांचा हिशेबही पुढे मोठा निघाला: थॉमस मन्रो याने मद्रास इलाख्यात केलेल्या पाहणीत, १८२६च्या टिपणानुसार, १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी भरले. म्हणजे कंपनीच्या मुलखात आधीपासून जे चालू होते, ते मद्रासच्या नावाने इंग्लंडला गेले. पण काटकसर हा हेतू असला म्हणून परिणाम तेवढ्यापुरता राहतोच असे नाही. शिकवण्यासाठी वरून नेमणूक लागत नाही, हे सत्ताधाऱ्यांनी स्वस्ताईसाठी मान्य केले की ते सत्तेच्या हातात राहत नाही. याचा पुरावा पुढे त्याच किनाऱ्यावरून समुद्रात निघाला.

१९११च्या उन्हाळ्याअखेर ठाण्याच्या तुरुंगातून विनायक दामोदर सावरकरांना रेल्वेने मद्रासला आणले गेले. तिथून ‘महाराजा’ जहाजाने ते ४ जुलैला पोर्ट ब्लेअरला पोहोचले. दोन जन्मठेपी, मिळून पन्नास वर्षे. अंदमानातही सुशिक्षित कैद्याची नड नवी नव्हती. १८६६ साली तिथे पाठवलेले जाफर थानेसरी मुनशी झाले आणि इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवू लागले. गोरा शिष्य आणि बेडीतून आलेला गुरू, असे ते चित्र होते. सेल्युलर जेलमध्ये मात्र राजबंद्यांच्या बाबतीत चित्र उलटे होते. त्यांना कोलू ओढायला, काथ्या कुटायला लावले जाई, आपसांत बोलायला बंदी होती आणि घरी पत्र वर्षाकाठी एक. तरीही सावरकरांनी आणि इतर राजबंद्यांनी निरक्षर बंदिवानांना वाचायला-लिहायला शिकवण्याचा उद्योग चालवला, पुढे तिथे ग्रंथसंग्रहही उभा केला. हे सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये सविस्तर लिहिले आहे. इथे कोणी गव्हर्नर पाठीशी नव्हता. शिवाय तुरुंगाचा कर्ता-करविता बारी हा आयरिश होता! ज्या देशातून सुमारे चाळीस हजार माणसे ऑस्ट्रेलियाला हद्दपार झाली, त्याच देशाचा माणूस इथे किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. म्हणून देश किंवा जात पाहून गुरुत्वाचा किंवा जुलमाचा अंदाज बांधता येत नाही. पाहायला हवे ते हे, की त्या ठिकाणी शिकवणाऱ्याची गरज कोणाला आहे.

कोणी म्हणेल, सावरकरांचे हे वृत्त त्यांच्याच लेखणीतले आहे आणि त्यांच्या शिक्षणकार्याला भाषा व धर्म यांच्या त्यांच्या राजकारणाची किनार आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या विसरून वाचणे बरोबर नाही. पण माझा मुद्दा त्यांच्या थोरवीवर टेकलेला नाही. हॅलोरन हा खोटी सही करणारा, थानेसरी हे राजद्रोहाचे आरोपी, सावरकर क्रांतिकारक. तिघांची मने, श्रद्धा आणि राजकारण यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. तरी तिघांच्या बाबतीत एकच गोष्ट घडली: अंगावरचे सगळे हिरावून घेतल्यावर जे उरले, ते इतरांना देता येण्याजोगे होते. एग्मोरच्या प्रयोगाशी अंदमानचा थेट वंशसंबंध मी जोडत नाही. तो जोडण्याची गरजही नाही. एके ठिकाणी जी गोष्ट कारभाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी मान्य केली, ती दुसरीकडे बंदिवानांनी, तुरुंगाने सांगितलेले नसताना, करून दाखवली.

म्हणून अशा चरित्रांना पश्चात्तापाच्या गोष्टी म्हणणे मला अपुरे वाटते. पश्चात्तापाची गोष्ट आपल्याला एका माणसाच्या मनात डोकावायला लावते आणि शाळा नसलेली वसाहत, शिक्षक नसलेला अनाथाश्रम, पाटी नसलेली कोठडी यांच्याकडे पाठ फिरवायला लावते. हॅलोरनने खोटी सही केली नसती, तरी सिडनीच्या मुलांना मास्तर हवाच होता.