खंगणारा मासा

दिवाणखान्यात काचेची पेटी मांडून तीत रंगीत मासे पाळण्याची हौस मध्यमवर्गीय घरांतही आता चांगली रुजली आहे. पण कुत्रा दुखले की कण्हतो, मांजर ओरडते. मासा मात्र मुकाट्याने वाळत जातो. त्याचे दुखणे ओळखायचे ते डोळ्यांनीच, आणि पुष्कळदा ते ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

मासा खंगू लागला हे पोटापेक्षा पाठीवरून अधिक खात्रीने कळते. पेटीत वरून डोकावून पाहावे. डोक्यामागचा मांसल भाग ओसरून पाठ सुरीच्या पात्यासारखी निघाली, धडाच्या मानाने डोके मोठे दिसू लागले, की दुखणे कालपरवाचे नव्हे असे समजावे. पोट काय, एका उपवासाने आत जाते आणि दुसऱ्या दिवशी भरतेही.

मग खाणे टाकून पाच मिनिटे नुसते पाहत बसावे. ही पाच मिनिटे दुकानातल्या कोणत्याही बाटलीपेक्षा अधिक सांगून जातात. मासा खाण्याकडे फिरकतच नाही, की येतो पण एखादा दांडगा सोबती त्याला हुसकून लावतो? दांडगाईवर औषध नाही. तिथे वेगळी पेटीच हवी. सगळेच मासे एकदम मलूल झाले असतील तर रोगाआधी पाण्याचा संशय घ्यावा. माशांच्या शरीरातून पाण्यात अमोनिया उतरत असतो आणि तो विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट व मग पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करणारे जंतू वाळूत आणि गाळणीत वस्ती करून राहतात. नव्या पेटीत ही वस्ती जमायला काही आठवडे लागतात. आमचे हौशी लोक मासा जरा सुस्त दिसला की निळे औषध ओतून मोकळे होतात, आणि त्याने नेमकी हीच उपकारी वस्ती उजाड होऊ शकते! ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात तर आणखी एक कारण असते: तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागतात.

खरे कोडे आहे ते भरपेट खाऊनही वाळणाऱ्या माशाचे. तो म्हातारा असेल. गप्पी बिचारा दोन-तीन वर्षांचाच धनी. मासा स्थिर असताना गुदद्वारातून बारीक लाल धागे डोकावताना दिसले, तर ते कृमी होत. पशुवैद्याला विचारून लेव्हॅमिसोल दिल्यास ते लुळे पडून बाहेर येतात. मात्र तळ लगेच स्वच्छ केला पाहिजे. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा आतड्यातील सूक्ष्म परजीवींची खूण असू शकते. पण उपाशी माशाचीही विष्ठा तशीच दिसते. ती पाच मिनिटे अशा वेळी कामाला येतात.

यांपैकी काहीच नसून मासा खंगत असेल, पाठ वाकली, रंग उडाला, अंगावर व्रण पडले, तर क्षयाचा संशय घ्यावा लागतो. होय, माशांनाही क्षय होतो. 1897 साली फ्रान्समध्ये कार्प जातीच्या माशात तो प्रथम वर्णिला गेला, आणि 1926 मध्ये अॅरन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत सापडलेल्या जंतूला ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हे नाव दिले. माणसाच्या क्षयजंतूचा हा चुलतभाऊ. थुंकी तपासताना वापरतात त्याच रंगप्रक्रियेने हाही सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या काडीसारखा दिसतो. जिवंत माशावरून निदान पक्के करणे मात्र अवघड. नियॉन टेट्राला होणारा, 1941 मध्ये वर्णिलेला एक निराळा रोगही रंग उडवतो, पाठ वाकवतो आणि मासा वाळवतो. दोन्हींवर घरगुती उपाय नाही.

हे निदान केवळ माशाच्या हिताचे नाही. हा जंतू हाताच्या जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतो. त्याला थंडावा मानवतो, म्हणून तो बहुधा बोटे, मनगट, कोपर इथेच राहतो. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, लालसर गाठ उठते आणि नेहमीच्या मलमांना दाद देत नाही. अशी गाठ दाखवायला जाल तेव्हा घरी मासे आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एरवी त्यांच्याही ते ध्यानी येणार नाही. औषधे आहेत, पण ती काही महिने घ्यावी लागतात. हाताला खरचटलेले असताना पेटी धुऊ नये, नळीने पाणी ओढताना तोंड लावू नये, आणि मुलांचे हात साबणाने धुववून घ्यावेत.

मेलेला मासा तर क्षणभरही पेटीत ठेवू नये. बाकीचे त्याला टोचून खातात, आणि रोग पोटात घेतात.