अभिजात विद्येचे ग्रंथभांडार : दीर्घ पल्ल्याची गुंतवणूक

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली, प्राकृत, आसामी व बंगाली या भाषांना अभिजात दर्जा देण्यास मान्यता दिली. २००४ मध्ये तमिळपासून सुरू झालेल्या या मालिकेत त्यामुळे ११ भाषांचा समावेश झाला. अध्यासने व संशोधन प्रकल्प यांची चर्चा अशा वेळी होतेच. मात्र या साऱ्याचा पाया असलेला विद्यापीठीय ग्रंथसंग्रह कसा उभारावा, हा प्रश्न मागे राहतो.

अनपेक्षित परतावा

म्हैसूर संस्थानाने १८९१ मध्ये प्राच्यविद्या ग्रंथालय स्थापन केले. तंजावर भागातील एका पंडिताने तेथे दिलेली ताडपत्रावरील पोथी म्हणजे कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' होय, हे ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी १९०५ मध्ये ओळखले. १९०९ मध्ये तो ग्रंथ छापला गेला. पुढे इतरत्र आणखी प्रती मिळाल्या आणि त्यांच्या आधारे रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० मध्ये प्रकाशित केली. पोथी स्वीकारताना तिचे मोल कोणत्याही ताळेबंदात मांडता आले नसते. अशा संग्रहाचा लाभ अनिश्चित असतो, उशिरा मिळतो आणि संपूर्ण समाजाला मिळतो. म्हणूनच त्याचा भार सार्वजनिक निधीने उचलणे आवश्यक ठरते.

खरेदीचा अग्रक्रम

मर्यादित निधीत प्रथम स्थान संदर्भसाधनांना द्यावयास हवे : चिकित्सक आवृत्त्या, कोश, व्याकरणे आणि हस्तलिखितांच्या सूची. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये आरंभ होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाली. मद्रास विद्यापीठाने १९३५ मध्ये हाती घेतलेली संस्कृत हस्तलिखितांची बृहत्सूची कोणती पोथी कोठे आहे, हे सांगते. अशी साधने नसतील तर उर्वरित ग्रंथांचा उपयोग मर्यादित राहतो.

या विद्याशाखेत जुनी आवृत्ती सहसा कालबाह्य होत नाही. नव्या संपादकाला तिच्याशी पाठ ताडून पाहावे लागतात. त्यामुळे वर्षभरात ग्रंथ किती वेळा वाचकाकडे गेला, या एकाच निकषावर तो संग्रहातून काढणे अनुचित होय.

आवर्ती खर्चाची तरतूद

एकरकमी अनुदानातून कपाटे भरतात. संग्रह मात्र दरवर्षीच्या तरतुदीने वाढतो. कीड व आर्द्रता यांपासून संरक्षण, सूचीकरण आणि ग्रंथ, शारदा, मोडी यांसारख्या लिपी जाणणारा सेवकवर्ग हा आवर्ती खर्च आहे. अंकीकरणाने मूळ प्रतीची हाताळणी कमी होते. परंतु पोथीचे नाव, कर्ता व विषय यांची अचूक नोंद नसेल, तर तिची प्रतिमा संगणकावर असूनही अभ्यासकाला सापडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेचा रोख संशोधन नियतकालिकांवर आहे. अभिजात विद्येचे बरेचसे मूलसाहित्य मात्र ग्रंथांत व पोथ्यांत आहे. त्यासाठी वेगळी तरतूद हवी.

प्रत्येक विद्यापीठाने सर्व काही खरेदी करणे परवडणारेही नाही आणि आवश्यकही नाही. पायाभूत संदर्भसाधने सर्वत्र असावीत. विशेष संग्रहांची भाषानिहाय विभागणी करून सामाईक सूची व परस्पर देवघेव यांची व्यवस्था व्हावी. अभिजात दर्जाबरोबर येणाऱ्या निधीचा निश्चित हिस्सा प्रतिवर्षी ग्रंथालयासाठी राखून ठेवला, तरच त्या दर्जाला अध्ययनाचा भक्कम आधार लाभेल.