वार्धक्यातील शुश्रूषेचा खर्च कोणी सोसायचा?

नोकरदार घरातील वृद्ध आईला पक्षाघाताचा झटका येतो. पहिला आठवडा रुग्णालयात जातो. त्या आठवड्याचा खर्च मोठा असला तरी तो भागविण्याचे मार्ग आता थोडेफार आहेत. कोठे कार्यालयाकडून प्रतिपूर्ती मिळते, कोठे विमा असतो, कोठे सरकारी योजनेचे कार्ड असते. आठव्या दिवशी आई घरी येते आणि खरा प्रश्न सुरू होतो. एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला उठवणे, भरवणे, आंघोळ घालणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणे, हे काम रात्रंदिवसाचे असते आणि ते कदाचित काही वर्षे चालावयाचे असते. त्यासाठी दिवसाची एक व रात्रीची एक अशा दोन बाया ठेवाव्यात, तर लिपिकाच्या पगाराला मोठे खिंडार पडते. न ठेवाव्यात, तर घरातील कोणाला तरी नोकरी सोडावी लागते. आणि ती कोणी सोडायची, हे बहुधा न बोलताच ठरलेले असते.

उपचार आणि शुश्रूषा यांतील हा भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. उपचाराला आरंभ आणि शेवट असतो, देयक असते, डॉक्टरची सही असते; म्हणून शासनाला आणि विमा कंपनीला तो ओळखता येतो. शुश्रूषेला यातले काहीच नसते. आपल्या सामाजिक सुरक्षेची रचना उपचाराभोवती उभी राहिली आणि वार्धक्यातील दीर्घ परावलंबित्व बव्हंशी तिच्या कक्षेबाहेर राहिले. 2011 च्या जनगणनेत साठी गाठलेल्यांची संख्या सुमारे 10 कोटी 40 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 8.6 टक्के होती. सरकारी तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार 2036 पर्यंत हे प्रमाण 15 टक्क्यांच्या घरात जाईल. तेव्हा हा प्रश्न मोजक्या घरांचा राहिलेला नाही.

मदत कोठे थांबते?

राज्यघटनेच्या 41 व्या कलमाने वार्धक्य, आजारपण व अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करण्यास राज्यसंस्थेला सांगितले आहे. अर्थात आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. ही मर्यादा किती आखूड आहे ते आकडेच सांगतात. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत 60 ते 79 वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा 2025 सालीही दरमहा 200 रुपये होता. ऐंशीनंतर 500 रुपये. महाराष्ट्राने श्रावणबाळ योजनेचे मासिक अर्थसाहाय्य 2023 मध्ये 1,500 रुपयांवर नेले; परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे 21 हजार रुपये राहिली. शाळेतला शिपाईही या मर्यादेत बसत नाही. 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेने चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये देऊ केले. खुर्ची मिळाली, तरी ती ढकलणारा माणूस कोठून आणायचा हा प्रश्न उरलाच.

ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान भारत योजना सत्तरी गाठलेल्या सर्वांना खुली झाली. उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले, याचे स्वागतच केले पाहिजे. पण हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्याशी जोडलेले आहे. घरी सोडल्यानंतरची जबाबदारी ते 15 दिवसांपुरतीच घेते. सोळाव्या दिवसापासून पुढचे सारे घराचे. वय वाढते तशा गरजा वाढतात, हे सरकारला ठाऊक नाही असे नव्हे. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकाला ऐंशीव्या वर्षापासून 20 टक्के अतिरिक्त निवृत्तिवेतन मिळते व शंभराव्या वर्षी ते 100 टक्क्यांवर जाते. आपल्या सेवकांबाबत मान्य केलेले हे तत्त्व इतर वृद्धांपर्यंत पोचलेले नाही, इतकेच.

न दिसणारा खर्च

आपल्याकडे कुटुंबसंस्था भक्कम असल्याने सरकारने यात पडण्याचे कारण नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याचा पायाही हाच आहे. मुलांनी आईवडिलांना पोसले पाहिजे, न पोसल्यास न्यायाधिकरण दरमहा 10 हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून देईल, अशी त्याची योजना आहे. कर्तव्य टाळणाऱ्या मुलाला हा कायदा वठणीवर आणू शकतो. परंतु ज्याची इच्छा आहे आणि ऐपत नाही, अशा मुलाला देण्यासारखे या कायद्याजवळ फारसे काही नाही.

शिवाय कुटुंब हा भार सोसते म्हणजे प्रत्यक्षात कोण सोसते? 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात. पुरुष 97 मिनिटे. सुनेने वा मुलीने नोकरी सोडली की देशाच्या हिशेबात शुश्रूषेचा खर्च शून्य दिसतो. तिचा गेलेला पगार, तुटलेला भविष्यनिर्वाह निधी आणि तिच्याच म्हातारपणाची नाहीशी झालेली तरतूद कोणत्याही वहीत लिहिली जात नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही जोखीम विम्याला अगदी योग्य अशी आहे. प्रत्येक वृद्ध दीर्घकाळ अंथरुणाला खिळत नाही. पण कोणावर ती पाळी येईल आणि किती वर्षांची, हे आधी सांगता येत नाही. अशा जोखमीसाठी प्रत्येकाने एकेकट्याने साठवू म्हटले तर कोणाचे जास्त साठते, कोणाचे अपुरे पडते. सर्वांनी थोडे थोडे एकत्र केले तर सर्वांचे भागते. जर्मनीने 1995 पासून सक्तीचा शुश्रूषा विमा सुरू केला. घरच्या माणसाने शुश्रूषा केली तर रोख भत्ता मिळतो, त्याच्या निवृत्तिवेतनाचा हप्ताही भरला जातो. जपानने 2000 साली तोच मार्ग धरला. तेथे चाळिशीपासून हप्ता द्यावा लागतो आणि खर्चाचा निम्मा वाटा करांतून येतो. अमेरिकेने मात्र दीर्घ शुश्रूषेचे साहाय्य मुख्यतः गरिबांच्या मेडिकेड योजनेवर सोपवले. परिणामी तेथील मध्यमवर्गीयाला आयुष्याची पुंजी जवळजवळ संपवल्याविना मदत मिळत नाही, आणि अर्जापूर्वीच्या पाच वर्षांतील मुलांना दिलेल्या देणग्याही तपासल्या जातात. हा मार्ग आपण घेऊ नये. उदाहरण घरातही आहे. केरळने 2008 मध्ये परिहार सेवेचे धोरण स्वीकारले आणि पंचायतींच्या सहभागाने परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या.

तोवर घराने काय करावे?

धोरण बदलेपर्यंत घराला थांबता येत नाही. सत्तरी गाठताच आयुष्मान कार्ड काढून ठेवावे. पक्षाघात, पार्किन्सन यांसारख्या विकारांतून कायमचे अपंगत्व आल्यास 2016 च्या कायद्याखालील प्रमाणपत्र घ्यावे. त्याच्या आधारे जुन्या करपद्धतीत अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठी 75 हजार, व तीव्र अपंगत्वात सव्वा लाख रुपयांची वजावट मिळते. बँकेतील खाते वेळीच संयुक्त करावे. कुलमुखत्यारपत्रावर फार विसंबू नये. देणाऱ्याचे भान गेल्यावर ते सामान्यतः निष्प्रभ ठरते, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या प्रौढाचे पालकत्व मिळवण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याची पाळी येते. वडिलांनी घर मुलांच्या नावे करावयाचे झाल्यास सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास 2007 च्या कायद्याने ते रद्द करता येते. आणि ही बोलणी आईवडील हिंडते-फिरते असतानाच, त्यांच्यासमक्ष आणि सर्व भावंडांनी मिळून करावीत.

पण नियोजन करण्यासाठी हाताशी काही असावे लागते, आणि तेथेच घराची मर्यादा संपून शासनाची जबाबदारी सुरू होते. पगारातून कापला जाणारा लहानसा हप्ता, त्यात सरकारची भर, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका, एवढ्यापासून आरंभ करता येईल. ज्या पिढीचे पगार आज सुरू होत आहेत तिच्याकडून हा हप्ता आजच घ्यावयास हवा. ती साठीला पोचल्यावर हा हिशेब मांडला, तर फार उशीर झालेला असेल.