अंतर कापण्याचा आनंद

डोंगरापलीकडच्या गावाला जावयाचे असले म्हणजे मनुष्य प्रथम दोन गोष्टी विचारतो. वाट कोणती आणि वेळ किती लागेल? वाट सोपी असावी व वेळ थोडा लागावा, ही व्यवहारातील साधी अपेक्षा होय. आणि प्रवासाची साधने सुधारत गेली ती याच अपेक्षेपोटी. परंतु गेल्या काही दशकांत असे एक क्षेत्र उदयास आले आहे, की जेथे अंतर मुद्दाम निर्माण केले जाते आणि ते कापण्याच्या आनंदासाठी लोक पैसे मोजतात. हे क्षेत्र म्हणजे व्हिडिओ खेळांचे. या खेळांत ‘खुले जग’ या नावाने ओळखला जाणारा एक मोठा वर्ग आहे. त्यात एखादे संपूर्ण शहर किंवा प्रदेश खेळाडूपुढे पसरलेला असतो, आणि कोठून कोठे व कोणत्या वाटेने जावयाचे हे त्याने स्वतः ठरवावयाचे असते. साहजिकच खेळाडूचा पुष्कळसा वेळ लढाया आणि कोडी यांच्या मधल्या प्रवासात जातो. हा प्रवास कंटाळवाणा असेल तर जग जितके विस्तीर्ण, तितके ते ओझे अधिक. तो सुखकर असेल तर तेच अंतर संपत्ती ठरते. तेव्हा हे सुख नेमके कशात आहे, वेगात, सोपेपणात की आणखी कशात, हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचा विचार शहरापासून सुरू न करता शरीरापासून सुरू करावा लागतो. पडद्यावरची आकृती म्हणजे प्रकाशाचे काही ठिपके. त्यांना वजन नाही, हाडे नाहीत, दमणे नाही. तरीही ती आकृती धावू लागली की पाहणाऱ्याला तिच्या ठायी शरीर आहे असे वाटले पाहिजे. सन १९८५ मध्ये जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावून त्याचे चित्रण केले, आणि त्या चित्रांवरून एकेक हालचाल संगणकासाठी रेखाटली. त्यातून १९८९ साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ प्रसिद्ध झाला. यातील राजपुत्र धावता धावता थांबवू म्हटले तर जागच्या जागी थांबत नाही. तो थोडा पुढे घसरतो. कड्याच्या टोकाशी हा घसरण्याचा हिशेब चुकला की तो खाली कोसळतो. हा खेळ खुल्या जगाचा नव्हता. बंदिस्त दालनांचा होता. परंतु हालचालीला वजन दिले म्हणजे साधी उडीसुद्धा एक निर्णय होते, ही गोष्ट त्याने स्पष्ट केली.

पुढची पायरी जपानमध्ये गाठली गेली. निन्टेंडो या संस्थेत शिगेरू मियामोतो आणि त्यांचे सहकारी ‘सुपर मारिओ ६४’ हा खेळ तयार करीत होते. त्यापूर्वीचा मारिओ सपाट पडद्यावर प्रामुख्याने डावीकडून उजवीकडे धावत असे. आता त्याला लांबी, रुंदी व उंची असलेल्या जगात सर्व दिशांनी हिंडावयाचे होते. या मंडळींनी भव्य किल्ले व पर्वत रचण्याची घाई केली नाही. प्रथम त्यांनी एका लहानशा जागेत मारिओला सोडले, त्याच्यापुढे पळणारा एक ससा ठेवला, आणि त्या सशाचा पाठलाग करण्यातच गंमत वाटेपर्यंत मारिओच्या धावण्यात, वळण्यात व उडी मारण्यात सुधारणा केल्या. हातातील यंत्रावरची छोटी दांडी हळू ढकलली तर मारिओ हलक्या पावलांनी चालतो, पूर्ण ढकलली तर धावतो. धावता धावता एकामागून एक तीन उड्या ठेक्यात मारल्या, तर तिसरी सर्वांत उंच जाते. १९९६ साली हा खेळ बाहेर पडला, तेव्हा कोणतेही काम न करता नुसते अंगणात बागडणे हाही त्यातील एक आनंद ठरला. चालण्यात रस नसेल तर जग कितीही मोठे केले तरी तो येत नाही, हा त्यातील धडा होय.

तथापि, हालचाल खरी वाटावी म्हणून ती निसर्गाच्या नियमांशी तंतोतंत जुळली पाहिजे असे मात्र नाही. २०१८ सालच्या ‘सेलेस्ट’ या डोंगर चढण्याच्या खेळाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्यातील नायिकेचे पाऊल कड्यावरून सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत खेळाडूने उडीची कळ दाबली, तर ती उडी ग्राह्य धरली जाते. वस्तुतः तेव्हा पायाखाली जमीन उरलेली नसते. परंतु डोळ्याने पाहून बोटाने कळ दाबीपर्यंत थोडा काळ जातोच. तो काळ हिशेबात धरला नाही, तर ‘उडी वेळेवर मारली होती’ असे खेळाडूला वाटते आणि यंत्र मात्र त्याला खोटे ठरविते. येथे नियम थोडा वाकविला जातो तो मनुष्याचा हेतू यंत्राने ओळखावा म्हणून. ही सवलत खेळाडूच्या लक्षातही येत नाही, आणि लक्षात न येण्यातच तिचे यश आहे.

आता शरीराकडून शहराकडे वळता येईल. २००४ साली ‘स्पायडर-मॅन २’ नावाचा खेळ ट्रेयार्क या अमेरिकन कंपनीने तयार केला. कोळ्यासारखे जाळ्याचे तंतू सोडून न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमधून झोके घेत जाणारा हा नायक चित्रकथांतून सर्वांच्या परिचयाचा होता. त्याच्यावरील आधीच्या खेळांत एक विचित्र गोष्ट होती. त्याचा तंतू आकाशातच कोठेतरी चिकटत असे; वर काही असो वा नसो, झोका मिळत असे. जेमी फ्रिस्ट्रॉम या तंत्रज्ञाने याला पर्याय म्हणून झोक्याचा एक कच्चा नमुना करून पाहिला. त्यात तंतू खऱ्याखुऱ्या इमारतीलाच चिकटला पाहिजे, आणि नायकाचे शरीर लंबकाप्रमाणे झुलले पाहिजे, अशी व्यवस्था होती. हाच नमुना पुढे त्या खेळाचा प्राण ठरला.

वडाच्या पारंबीला लोंबकळून ज्याने बालपणी झोका घेतला आहे, त्याला यातील मर्म वेगळे सांगावयास नको. झोका सर्वांत खालच्या बिंदूवर येतो तेव्हा त्याचा वेग सर्वांत अधिक असतो. तेथे हात सोडला तर शरीर सरळ पुढे फेकले जाते, पण उंची मिळत नाही. अगदी वरच्या टोकाला सोडला तर उंची असते, परंतु वेग संपलेला असतो आणि मनुष्य धपकन खाली येतो. या दोहोंच्या मध्ये एक क्षण असा असतो की तेथे सुटल्यास उंचीही मिळते आणि अंतरही मिळते. त्या खेळात हा क्षण खेळाडूला स्वतः शोधावा लागे. आरंभी तो भिंतींवर आदळे, रस्त्यावर पडे. काही तासांनंतर त्याच्या बोटांना ती लय सापडे, आणि मग त्याच शहरातून तो पाखरासारखा जाऊ लागे. नायकाची शक्ती वाढली नसून आपल्याच अंगी कौशल्य आले आहे, ही जाणीव त्या आनंदाच्या मुळाशी होती. शिवाय शहराच्या आकारालाही त्यामुळे अर्थ आला. उंच इमारतींचा भाग म्हणजे सुगम मार्ग. मोकळे मैदान म्हणजे अडचण, कारण तंतू अडकवावयास तेथे आधारच नाही.

चौदा वर्षांनी, २०१८ साली, इन्सोम्नियाक गेम्स या कंपनीने याच नायकावर नवा खेळ काढला. त्यातही तंतू इमारतींनाच चिकटत. परंतु कोणता कोपरा सोयीचा हे यंत्र बहुतांशी स्वतःच निवडी, भिंत आडवी आली तर नायक आदळण्याऐवजी तिच्यावरून धावू लागे, आणि कितीही उंचावरून पडला तरी त्याला इजा होत नसे. हालचाल अत्यंत देखणी झाली, आणि पहिल्या दिवसापासून कोणालाही साधू लागली. यावर दोन मते पडली. चुकण्याची शक्यताच काढून घेतल्यामुळे शिकण्याचा आनंदही गेला, असे एका पक्षाचे म्हणणे. तर ज्याची बोटे चपळ नाहीत, किंवा ज्याला दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास मिळतो, त्यानेही या उड्डाणाचे सुख का घेऊ नये, असा दुसऱ्या पक्षाचा प्रश्न. दोन्ही बाजूंत तथ्य होते. २०२३ साली त्याच कंपनीच्या पुढच्या खेळात याचा निवाडा खेळाडूवरच सोपविण्यात आला. झोक्यात यंत्राने किती साहाय्य करावे हे त्याने शून्यापासून दहापर्यंतच्या मोजपट्टीवर ठरवावे, आणि पडल्यावर इजा व्हावी की न व्हावी हेही त्यानेच निवडावे, अशी ती सोय होती. कष्ट आणि सोय यांचे योग्य प्रमाण प्रत्येकासाठी निराळे असते, याची ही कबुलीच म्हणता येईल.

शहरात इमारती मनुष्याने बांधलेल्या असतात. रानात मात्र वाटच नसते. तेथे काय करावयाचे, याचे उत्तर निन्टेंडोने २०१७ सालच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या खेळात दिले. त्यातील नायक जवळजवळ कोणत्याही कड्यावर, झाडावर किंवा भिंतीवर हातापायांनी चढू शकतो. परंतु त्याच्या दमाला मर्यादा आहे. पडद्यावरचे एक हिरवे वर्तुळ चढताना हळूहळू रिकामे होत जाते, आणि ते संपण्यापूर्वी टेकावयास जागा सापडली नाही तर तो खाली पडतो. पाऊस आला की दगड निसरडा होतो व हात सुटतात. मग खेळाडू कड्याच्या पोटात आडोसा शोधून पाऊस थांबण्याची वाट पाहत बसतो, किंवा लांबची वाट धरतो. कोठेही जाण्याची मुभा आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. आणि किंमत असल्यामुळेच डोंगराकडे पाहताना त्याची घडण, त्यावरील टप्पे व खाचा नजरेत भरू लागतात.

या प्रदेशाची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. खेळाचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी हे क्योतो शहराचे. कोणती वस्तू किती अंतरावर असावी हे ठरविताना आपल्या पायाखालच्या त्या शहराच्या नकाशाचा त्यांनी माप म्हणून उपयोग केला. डोंगर व टेकड्या त्रिकोणी आकाराच्या ठेवण्यात आल्या, त्यामागेही हेतू होता. त्रिकोणासमोर आलेल्या मनुष्यापुढे वर चढून जावे की वळसा घालावा, असे दोन मार्ग असतात. आणि त्या त्रिकोणाआड काय दडले आहे हे चालत गेल्यावाचून कळत नाही. माथ्यावर पोहोचलेला खेळाडू कापडी पंख उघडून दरीवर तरंगू लागतो. चढताना जी उंची त्याने कष्टाने मिळविली, तीच आता तो अंतराच्या रूपाने खर्च करीत असतो.

वेगाचा आणि उंचीचा मोह सर्वस्वी टाकून दिला तर काय उरते, याचा प्रयोग हिदेओ कोजिमा यांनी २०१९ च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’ या खेळात केला. याचा नायक उद्ध्वस्त अमेरिकेत पाठीवर सामान वाहून नेणारा हमाल आहे. पाठीवरचा ढीग जितका उंच, तितका तोल जाण्याचा धोका अधिक. उतारावर तो एका बाजूस कलू लागला की खेळाडूला दोन्ही हातांच्या कळा दाबून त्याला सावरावे लागते. नदीत पाय कोठे टाकावा, खडकावरून जावे की चिखलातून, ही साधी चिंताच येथे खेळ बनते. शिडी लावणे, दोर सोडणे, पूल बांधणे हे त्यावरचे उपाय. आणि एका खेळाडूने लावलेली शिडी इंटरनेटच्या द्वारे दुसऱ्या कोणा अनोळखी खेळाडूच्या जगात उभी असलेली दिसते. एकमेकांची भेट कधीच होत नाही. परंतु ज्या घळीपाशी पाऊल अडले, तेथे आपल्या आधी कोणीतरी अडले होते आणि मागून येणाऱ्यासाठी सोय करून गेले, एवढे मात्र कळते.

अशा बहुतेक खेळांत एका क्षणात दूरच्या ठिकाणी जाण्याचीही सोय असते. तिचा उपयोग खेळाडू केव्हा करतात, यावरून त्या जगाची परीक्षा होते. झेल्डाच्या खेळात जेथे एकदा पायी पोहोचले आहे, तेथेच असे परत जाता येते. कोजिमांच्या खेळात ही सोय मिळते तेव्हा पाठीवरचे सामान मागे ठेवावे लागते. म्हणजे ज्यासाठी प्रवास करावयाचा तेच सोडावे लागते. अंतर नाहीसे करणे सोपे आहे, परंतु अंतराबरोबर आणखी काय नाहीसे होते याचा हिशेब या रचनाकारांनी ठेवलेला दिसतो.

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. प्रवासाचे सुख वेगावर अवलंबून नाही. स्पायडर-मॅन वाऱ्यासारखा जातो आणि कोजिमांचा हमाल पाऊल मोजीत जातो, तरी दोघांबरोबर जाणाऱ्यास सारखीच गोडी लागते. ते सोपेपणावरही अवलंबून नाही. जमिनीने काही विरोध करावा, त्या विरोधाला समजण्याजोगा नियम असावा, आणि तो नियम ओळखणाऱ्याला त्यातून वाट काढता यावी, एवढ्या तीन गोष्टी असल्या की रिकामे अंतरही भरलेले वाटू लागते. पारंबीवरच्या मुलाला हे कोणी शिकविलेले नसते. हात केव्हा सोडावा हे त्याला दोन-चार वेळा पडल्यावरच उमगते.