घरचा फोटो आणि कलादालनाची भिंत

मागच्या वर्षी मुंबईतल्या एका प्रदर्शनासाठी माझ्याकडे आईचा फोटो मागण्यात आला. लग्नानंतर अकोल्याच्या स्टुडिओत काढलेला. अंगावर शेजारणीची उसनी साडी, मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा. सोबतच्या मजकुरात फोटोखालची ओळ आधीच ठरलेली होती : ‘दलित स्त्री, विदर्भ’. आईला नाव आहे. ते कुणी विचारले नाही. आणि कबूल केले पाहिजे, मीही आईला न विचारताच फोटोची प्रत करून ठेवली होती.

आपल्या घरांत फोटो उशिरा आला. पांढरपेशांचे आल्बम पिढ्यानपिढ्या भरत गेले. आपल्याकडे फोटो निघाला तो लग्नात, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी, नाहीतर माणूस गेल्यावर. त्याआधी आपले फोटो इतरांनी काढले. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यातल्या चित्रांखाली बहुधा जात किंवा धंदा आहे, माणूस नाही. कलादालनातली ती ओळ याच परंपरेतली आहे. फरक एवढाच की तेव्हा हेतू ‘शास्त्रा’चा होता, आता ‘सौंदर्या’चा आहे.

अमेरिकेतील काळ्यांनी हा प्रश्न कोर्टात नेला. १८५० साली साउथ कॅरोलिनात रेन्टी नावाचा गुलाम आणि त्याची मुलगी डेलिया यांना विवस्त्र करून, अगासी या प्राध्यापकाच्या वंशसिद्धांतासाठी त्यांचे फोटो काढले गेले. ते हार्वर्ड विद्यापीठाकडे राहिले. आपण रेन्टीचे वंशज आहोत असे सांगत टमारा लनिअर यांनी २०१९ मध्ये दावा लावला. २०२२ मध्ये कोर्टाने मालकी नाकारली, पण मनस्तापाचा दावा चालू शकतो असे म्हटले. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि ते फोटो हार्वर्डकडून काढून चार्ल्सटनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले.

आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढवून घेणारा. म्हणजे आईच्या फोटोवर हक्क बाबांचा, कारण पैसे त्यांनी मोजले. जिचा चेहरा, तिचा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले खरे. पण भिंतीवर टांगलेल्या बाईपर्यंत तो हक्क कोण नेणार?

घरचा फोटो चारचौघांत येऊच नये, असे मात्र मी म्हणत नाही. फेब्रुवारी १९३४ चा राजगृहातला फोटो आपल्या कितीतरी घरांत आहे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. त्यातल्या कुत्र्याचेसुद्धा नाव आपल्याला ठाऊक आहे. टॉबी. तो फोटो आपण पाहतो तो घरचा म्हणून, नमुना म्हणून नव्हे.

दिवाळीच्या सुटीत अमरावतीहून अकोल्याला गेलो आणि आईला सगळे सांगितले. “थो फोटो तुह्या बापानं माह्यासाठी काढला,” ती म्हणाली, “लोकायले दाखवाले नाही.” भाकरी थापून झाल्यावर पुन्हा बोलली : “लावाचाच असंन त खाली माहं नाव लिवा म्हना. अन् साडी कोनाची होती, तेबी लिवा.”

मी ते जसेच्या तसे कळवले. अजून उत्तर आलेले नाही.