चुलीला लाकूड केवढे घालावे?

नवी सून चुलीपुढे बसते. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल होतात, घर धुराने भरते, आणि वर बोलणे ऐकावे लागते, "हिच्या हाताला चूल पेटत नाही." आम्ही म्हणतो, हाताचा दोष कशाला काढता? आधी चुलीत काय घातले आहे ते पाहा. बहुतेक वेळा लाकूड जाड असते, नाहीतर ओले असते, आणि चुलीचे तोंड गच्च भरलेले असते.

2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅस आला. तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच होते, नाही का? तेव्हा ही गोष्ट जुनी झाली असे समजू नये.

जाळाला लाकूड लागते, तशी हवाही लागते. शाळेत आम्ही पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घालून दाखवीत असू. ज्योत बारीक होई आणि थोड्याच वेळात विझे. पेल्यातला प्राणवायू कमी पडला, म्हणून ती विझली. चुलीचे तोंड लाकडांनी बुजवले की तसेच होते. लाकूड पुरते जळत नाही. त्याचा धूर होऊन बाहेर पडतो. धूर म्हणजे न जळलेले सरपणच! मोळी डोक्यावरून कोसभर आणायची आणि धूर करून उडवून द्यायची, असला हा व्यवहार.

म्हणून चुलीचे तोंड निदान अर्धे मोकळे ठेवावे. अंगठ्यापेक्षा थोड्या जाड अशा तीन-चार फोडी एका वेळी पुरतात. त्यांची टोके तेवढी आत असावीत. जळतील तशी पुढे सारावीत. खाली विटेचा तुकडा ठेवला तर लाकडाखालून हवा खेळते. राखही साचू देऊ नये. पऱ्हाट्या, तुराट्या पेटवायला चांगल्या, पण त्या भुरकन जळतात आणि बाईला चुलीपासून हलता येत नाही. बाभळीची फोड टिकते आणि निखाराही धरते.

आता ओल्या लाकडाचे बघा. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ते वाफ होऊन गेल्याशिवाय लाकूड नीट जळत नाही. आणि वाफ करणे फार महाग पडते हो! लिटरभर गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सहा-सातपट उष्णता ते पाणी सगळे आटवायला लागते. म्हणजे आपण भात शिजवायला बसतो आणि आधी लाकूडच शिजवतो. सालीसकटचा ओंडका लवकर वाळत नाही. साल ओल धरून ठेवते. ओंडका फोडला की आतली बाजू उघडी पडते. तेव्हा पावसाळ्याचे सरपण होळीच्या सुमारासच फोडावे, खाली दगड देऊन रचावे आणि मधून वारा जाऊ द्यावा. फोडायचे काम घरातल्या पुरुषाने करावे. ते बाईचेच आहे असे कुठे लिहिलेले नाही.

भांडे चुलीच्या तोंडाहून लहान असू नये, नाहीतर जाळ बाजूने निघून जातो. वर झाकण हवेच.

धुराने डोळे चुरचुरतात एवढेच नव्हे. वर्षानुवर्षे तो छातीत गेला की दम लागतो, आणि पाठीशी बांधलेले मूलही तोच धूर घेते. धुराड्याची मगन चूल वर्ध्याच्या मगनवाडीत निघाली ती याचसाठी. मात्र धुराड्यातली काजळी काढली नाही, तर धूर परत घरातच येतो.

थंडीत काही जण निखाऱ्याची शेगडी खोलीत घेऊन, दार लावून निजतात. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून भीती वाटत नाही. पण त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आणि मरतोही. ऊब घेऊन झाली की शेगडी अंगणात ठेवावी, आणि मग दाराला कडी लावावी.