पास्कलमधील स्वसंदर्भी जेनेरिक वर्ग : प्रकार-त्रुटींचे स्वरूप व निराकरण

प्रस्तावना : निकलाउस विर्थ यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पास्कल भाषेत प्रत्येक चलाचा प्रकार आधी घोषित करावा लागतो. ही शिस्त अध्यापनास उपकारकच ठरली. मात्र एखादा प्रकार आपल्याच व्याख्येत स्वतःचा उल्लेख करतो, तेव्हा विद्यार्थी हमखास अडखळतो. प्रस्तुत लेखात या अडचणीचा विचार केला आहे.

विवेचन : मुंबई-नागपूर लोहमार्गावरील बडनेरा, मूर्तिजापूर व अकोला ही स्थानके साखळी-यादीत मांडावयाची आहेत, असे समजू. प्रत्येक गाठीत स्थानकाची माहिती व 'पुढील' हे क्षेत्र असेल. 'पुढील'मध्ये संपूर्ण गाठच साठवली, तर तिच्या पोटात आणखी एक, तिच्याही पोटात आणखी एक, असे होऊन आकार कधीच निश्चित होणार नाही. म्हणून पास्कलने केवळ पॉइंटरला सवलत दिली. त्याच घोषणा-विभागात नंतर येणाऱ्या प्रकाराकडे तो निर्देश करू शकतो, कारण पत्त्याचा आकार आधीच ठाऊक असतो. ऑब्जेक्ट पास्कलमध्ये वर्गाचे चल हा मुळातच संदर्भ असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

फ्री पास्कलच्या 2.2 आवृत्तीत (2007) जेनेरिक वर्ग आले आणि गुंता वाढला. 'गाठ<ट>' हा वर्ग नव्हे, वर्गाचा साचा होय. 'ट'च्या जागी पूर्णांक वा स्ट्रिंग घालून विशेषीकरण केल्यावरच प्रकार सिद्ध होतो. साच्याचे नुसते नाव बाहेरील चलास दिल्यास कंपायलर आक्षेप घेतो, आणि तो रास्त आहे. साच्याच्या आत मात्र, फ्री पास्कलच्या स्वतःच्या पद्धतीत, नुसते 'गाठ' म्हणजे 'सध्या घडत असलेले विशेषीकरण'. डेल्फी पद्धतीत तेथे 'गाठ<ट>' लिहावे. 'यादी<ट>' या दुसऱ्या साच्यात गाठ वापरावयाची झाल्यास तिचे विशेषीकरण स्पष्टपणे करावे लागते. गल्लत होते ती येथेच.

स्थानक-क्रमांकाची गाठ व स्थानक-नावाची गाठ एकाच साच्यातून निघाल्या तरी ते भिन्न प्रकार आहेत. एकीच्या 'पुढील'मध्ये दुसरी बसत नाही. अशा वेळी सक्तीने प्रकार-बदल केल्यास त्रुटी-संदेश नाहीसा होतो, पण स्ट्रिंगचा पत्ता पूर्णांक म्हणून वाचला जाण्याचा धोका राहतो. प्रात्यक्षिक परीक्षेत असा प्रोग्राम 'चालला' म्हणून पूर्ण गुण देणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. भिन्न माहिती एकाच साखळीत हवी असल्यास समान पूर्वज-वर्ग घ्यावा.

अमरावतीस जाणारा फाटा बडनेऱ्याहून निघतो. तो दाखवावयाचा तर त्या गाठीस दोन 'पुढील' लागतील, आणि दोन्ही त्याच विशेषीकरणाचे असावे लागतील.